गाडी कोणती घ्यावी?

कोणी गाडी घ्यायला निघाला की आमच्या वर्धेत तो त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. पानठेल्यावर उभा असलेला माणूसही मत देतो. अमकी घेऊ नका, तिचा पत्रा पातळ. तमकी घ्या, पण डिझेलची घ्या. अमक्याच्या साळ्यानं घेतली होती, दोन वर्षांत अर्ध्या किमतीला विकली. मत देणाऱ्याकडे स्वतःची गाडी असलीच पाहिजे असा काही नियम नाही. माझ्या पुतण्यानं गाडी घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा आमच्या ओसरीवर पंधरा दिवस हीच चर्चा सुरू होती. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की ही सगळी मतं मी लहानपणापासून ऐकतो आहे. गाड्यांची नावं तेवढी बदलली.

त्या बैठकीत आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री होते. चाळीस वर्षं झाडाखाली गाड्या उघडणारा माणूस. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते पुतण्याला म्हणाले, "बावा, गाडी कोनतीही घेजो, बिघडन तर सारीच. इथं दुरुस्त व्हते का ते पाय, पार्ट भेटते का ते पाय, अन् उद्या विकाची झाली तर कोन घेईन ते पाय." झालं. रंग, वेग, दिसणं यांतलं काही त्यांनी विचारलंच नाही.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न या गावाला फार जुना आहे. त्याची गोष्ट थेट १९३४ पर्यंत जाते. त्या वर्षी गांधीजी वर्धेत राहायला आले. जमनालाल बजाज यांनी मगनवाडीची जागा दिली आणि तिथंच डिसेंबर १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्धेहून सेगावला पायी चालत गेले. पुढे १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. अंतर म्हणाल तर आठ किलोमीटर. आज मोटारसायकलवर पोरं दहा मिनिटांत जातात. पण ज्यानं आमच्याकडची काळी माती जुलै महिन्यात पाहिली आहे, त्यालाच त्या आठ किलोमीटरचा अर्थ कळेल. चप्पल रुतली की चप्पल तिथंच राहते आणि पाय वर येतो.

जमनालालजी कापसाच्या व्यापारातलं मोठं नाव. त्यांच्याकडे फोर्ड मोटार होती. आश्रमाकडे येणाजाणाऱ्यांसाठी या फोर्डला चक्क बैल जुंपण्यात आले. फोर्डला 'ऑक्स', म्हणजे बैल, लावले म्हणून तिचं नाव पडलं 'ऑक्सफर्ड'. ही कोटी वर्धेत पुढे कित्येक वर्षं सांगितली जात होती. ऐकणारे हसतात आणि सोडून देतात. मला मात्र त्यात विनोदापेक्षा हिशेब जास्त दिसतो. मोटारीची गादी मऊ, तिला स्प्रिंगा, डोक्यावर छप्पर. आजारी माणसाला बैलगाडीतून नेण्यापेक्षा यातून नेणं केव्हाही बरं. आणि ओढायला बैल, म्हणजे पेट्रोल विकत आणायला नको. शिवाय चिखलात मोटारीचं चाक जागच्या जागी फिरत राहतं, बैल मात्र वाट काढतो. मोटारीतलं जे इथं उपयोगाचं होतं ते ठेवलं आणि जे इथं चालवायला जड जात होतं त्याच्या जागी गावातलं लावलं. गाडी घेण्याबद्दलचं इतकं रोखठोक मत कुणी दिलं नसेल.

मगनवाडीत तेव्हा जे. सी. कुमारप्पा होते. हा माणूस मूळचा हिशेबतपासनीस, लंडनमध्ये आणि अमेरिकेत शिकलेला. त्यांनी बैलगाडीच्या चाकाचाही ताळेबंद मांडला. बैलगाडीला रबरी टायर बसवावेत असं तेव्हा सुधारक मंडळी सांगत. गाडी हलकी चालते, बैलाला त्रास कमी, रस्ताही खराब होत नाही. कुमारप्पांना हे पटत नव्हतं. लाकडी चाक मोडलं तर गावचा सुतार नीट करतो, धाव सैल झाली तर लोहार ती तापवून पुन्हा चढवतो. त्यांना दिलेला पैसा गावातच राहतो. टायर फाटला की पैसा थेट बाहेर. आणि रस्ते मोटारींसाठी करायचे, मग त्या रस्त्यांसाठी बैलगाडीनं आपलं चाक बदलायचं, हा कुठला न्याय?

कुमारप्पांचं सगळंच मला मान्य आहे असं नाही. बैलाच्या खांद्यावरचं ओझं कमी झालं तर ते चांगलंच, आणि पुढे शेतकऱ्यांनी टायरच्या गाड्या आनंदानं घेतल्याही. पण वाहन घेताना ते दुरुस्त कोण करणार आणि तो पैसा कुठे जाणार, हा प्रश्न त्यांनी मांडला होता. आमच्या मिस्त्रींनी कुमारप्पांचं नाव ऐकलं असेल की नाही देव जाणे. प्रश्न मात्र तोच.

याच सुमाराची आणखी एक गंमत. १९४१ मध्ये खुद्द हेन्री फोर्ड यांनी गांधीजींना आदराचा निरोप पाठवला. गांधीजींनी उत्तरादाखल आपली सही केलेला एक चरखा अमेरिकेला पाठवला. तो मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या फोर्ड संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. ज्यांनी मोटार घरोघर पोहोचवली त्यांच्याकडे सेवाग्रामचा चरखा गेला, आणि त्यांची मोटार इकडे बैल ओढत होते. देवाणघेवाण अगदीच एकतर्फी नव्हती म्हणायची.

त्या काळी विदर्भात मोटार म्हणजे बहुतेक अमेरिकन. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुट्या भागांपासून मोटारी जोडायला सुरुवात केली होती. फोर्डचाही तसाच कारखाना मुंबईत होता. स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९४९ मध्ये तयार मोटारींची आयात बंद झाली आणि १९५३ मध्ये सरकारनं सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भागही इथंच बनवायचा कार्यक्रम दाखवा. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. ज्यांनी फोर्ड आणि शेवरोले घेतल्या होत्या ते मागे राहिले, गाड्यांसकट.

उरल्या मुख्यतः तीन कंपन्या. मद्रासची स्टँडर्ड, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली मुंबईची प्रीमियर, जिनं पुढे फियाट बनवली, आणि बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स, जिची अँबेसिडर १९५७-५८ पासून रस्त्यावर आली. ही अँबेसिडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. म्हणजे बघा, वर्धेत पहिली 'ऑक्सफर्ड' बैलांची आली आणि दुसरी कलेक्टर साहेबांची. दोन्ही सारख्याच धिम्या, असं आमचे एक काका म्हणत. ते अर्थात फियाटवाले होते.

अँबेसिडरवाले आणि फियाटवाले ही त्या काळातली दोन घराणीच होती. अँबेसिडर म्हणजे लोखंड. तिच्यात लग्नाच्या वरातीला आठ-नऊ माणसं, दोन पेट्या आणि रुसलेली आत्या एवढं सगळं मावे. फियाट आटोपशीर, पेट्रोल कमी खाणारी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. डॉक्टर, वकील, जिनिंगचे मालक फियाट घेत. पुढारी आणि सरकार अँबेसिडर. तिच्या आधीच्या गोल पाठीच्या जुन्या फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत आणि तरी हौसेनं त्यातच बसत.

आणि खरं सांगायचं तर निवड अशी नव्हतीच. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. १९६९ मध्ये तर सरकारनं मोटारींच्या किमतीच ठरवून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नवी गाडी हातात आली की तीच जास्त किमतीला विकता येत असे. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग, हे अर्थशास्त्र आजच्या पोरांना सांगून पटत नाही. पण मिस्त्रींचा तिसरा प्रश्न, विकताना कोण घेईल, तिथूनच आला असावा. घरात सोनं ठेवावं तशी लोकांनी गाडी ठेवली.

शेतकऱ्याच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. त्याची गाडी म्हणजे जीप. महिंद्रनं १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि हिंगणघाट, देवळी, आर्वीकडच्या बऱ्या शेतकऱ्याला ती मानवली. चिखलातून निघते, मागे ट्रॉली लागते, आणि लग्नसराईत बारा-पंधरा माणसं बसतात, लटकतात. यावरून ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट आठवली. १९३२ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्याला पत्र लिहिलं. रविवारी चर्चला नीटनेटकं जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी आम्हाला द्या. ल्यू बँट नावाच्या तरुण अभियंत्यानं त्यावर आराखडा केला आणि १९३४ मध्ये पुढून मोटार, मागून उघडा हौदा अशी 'यूट' निघाली. ती पुढे त्या देशाची ओळख झाली. आमच्याकडे असं पत्र कुणी लिहिलं नाही. लिहिलं असतं तरी कुठल्या खिडकीवर द्यायचं, हाच प्रश्न होता. आमच्या माणसानं लष्करी बनावटीची जीप घेतली आणि गावच्या वेल्डरकडून तिच्यावर लोखंडी सांगाडा, बाक आणि ताडपत्री बसवून घेतली. आमची 'यूट' गावच्या वेल्डरनंच केली.

जीप कापसाच्या पैशावर येई आणि कापसाच्याच पैशावर जाई. आमच्या शेजारच्यांची जीप एका चांगल्या हंगामानंतर आली होती. नारळ फुटला, पेढे वाटले. दोन वर्षं पाऊस फसला आणि एका सकाळी नागपूरचा माणूस येऊन ती घेऊन गेला. घरातली बाई दारात आली नाही. त्यानंतर बरीच वर्षं ते कुटुंब एसटीनंच फिरलं. गाडीबद्दल मत देणारे पानठेल्यावर पुष्कळ भेटले, पण त्या घरातल्या माणसानं पुन्हा कधी मत दिलेलं मला आठवत नाही.

वर्धेचं नाव वाहनांच्या धंद्यात आलं ते मात्र बैलांमुळे नाही, बजाज घराण्यामुळे. जमनालालजी १९४२ मध्ये गेले. १९४५ मध्ये 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' निघालं. बछराज म्हणजे जमनालालजींना दत्तक घेणारे वर्धेचे सेठ. या कंपनीनं १९४८ पासून इटलीच्या स्कूटर आणि तीनचाकी आणून विकायला सुरुवात केली, १९५९ मध्ये बनवण्याचा परवाना मिळवला आणि १९६० मध्ये तिचं नाव बजाज ऑटो झालं. कारखाना आकुर्डीला. १९७२ मध्ये 'चेतक' आली. तेव्हा स्कूटरसाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षांची रांग होती. मुलगी लहान असतानाच नंबर लावून ठेवणारे बाप आम्ही पाहिले आहेत, जावयाला द्यायला. जमनालालजींचे चिरंजीव कमलनयन बजाज तर लोकसभेत वर्धेचेच खासदार होते. ज्या घराच्या फोर्डला बैल जुंपले गेले, त्याच घराच्या स्कूटरसाठी निम्मा देश रांगेत उभा राहिला. गांधीजींना हे पाहून काय वाटलं असतं, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. मी तरी स्कूटरच्या बाजूनं बोलेन. बायको-मुलांना घेऊन स्वस्तात जाणारी आणि बुटीबोरीच्या रस्त्यावर बंद पडली तर वाकडी करून, दोन लाथा मारून सुरू होणारी ती स्कूटर मास्तरांचं, कारकुनांचं वाहन होती.

आता उन्हाळ्याची गोष्ट सांगतो, कारण आमच्याकडे गाडीची खरी परीक्षा मे महिन्यात होते. पारा पंचेचाळीसच्या पुढे. फियाट असो की अँबेसिडर, दुपारी रस्त्यात अचानक मान टाकायची. या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच लावलेला असे. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि पंप नुसती वाफ ढकलत बसे. उपाय काय? धोतराचं फडकं ओलं करून पंपावर ठेवायचं आणि बाभळीच्या सावलीत पाव तास बसायचं. मडक्यातलं पाणी आधी पंपाला, मग माणसांना. वर्धा ते नागपूर या पंच्याहत्तर किलोमीटरच्या वाटेत दोनदा फडकं भिजवावं लागे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं. मिस्त्रींकडून मालकाला, मालकाकडून पोराला मिळे. गाडी आपल्याला कळते, ही भावना त्या ओल्या फडक्यातून आलेली होती.

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिली मारुती ८०० ग्राहकाला मिळाली. नोंदणीसाठी दहा हजार रुपये भरून लाखावर लोक आधीच थांबले होते. आमच्याकडे ती आली तेव्हा सगळे मिस्त्री एकमुखानं म्हणाले, ही काडेपेटी आहे. हिचं इंजिन आडवं, ओढते पुढच्या चाकांवर, हात घालायला जागा नाही. पहिल्या ट्रकखाली हिचा पापड होईल. पण मारुती उन्हात बंद पडेना. सकाळी एका किल्लीत सुरू होई. घरातल्या बायका ती चालवू लागल्या. हा बदल मिस्त्रींच्या हिशेबात नव्हताच. पाच-सात वर्षांत तेच मिस्त्री दुसऱ्यांना सांगू लागले, मारुतीच घ्या, पार्ट कुठंही भेटते. २०१४ च्या जानेवारीत ती बंद झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात अँबेसिडरही. 'काडेपेटी'नं तीस वर्षं काढली.

१९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना उठला आणि मग कंपन्यांची जत्रा भरली. देवू आली, फोर्ड आणि जनरल मोटर्स पुन्हा आल्या, ह्युंदाई आली, आणि डिसेंबर १९९८ मध्ये टाटांची इंडिका. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या माणसाला 'कोणती घ्यावी' हा प्रश्न खऱ्या अर्थानं विचारता आला. काहींनी जुन्या सल्ल्यांना हसत नवं, चकचकीत काहीतरी घेतलं. माझ्या मोठ्या भावानंही घेतली, एका परदेशी कंपनीची. सुंदर गाडी होती. काही वर्षांनी कंपनीचं विक्री केंद्र बंद झालं आणि एका दिव्याच्या काचेसाठी गाडी चार महिने अंगणात उभी राहिली. कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार मांडला.

असं झालेला तो एकटा नव्हता. देवूचा कारभार २००० नंतर आटोपला. जनरल मोटर्सनं २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डनं २०२१ मध्ये इथं गाड्या बनवणं थांबवण्याचं जाहीर केलं. म्हणजे या दोघी आपल्या देशातून दोनदा गेल्या. ऑस्ट्रेलियाचंही तेच झालं. 'यूट' देणाऱ्या फोर्डनं तिथला कारखाना २०१६ मध्ये बंद केला, जनरल मोटर्सच्या होल्डनचा २०१७ मध्ये बंद झाला. शेकडो मैल ओसाड रस्त्यांवर राहणारा तिथला शेतकरी आणि आमचा आष्टी-कारंजाचा शेतकरी, दोघांना एकमेकांचं बोलणं कळणार नाही, पण पार्ट मिळतो का, हा प्रश्न दोघांनाही सारखाच पडतो.

मिस्त्रींचं सगळंच बरोबर असतं असं मात्र समजू नका. लोखंड जाड तर गाडी भक्कम, या मतावर ते आजही ठाम आहेत, आणि तिथं ते चुकतात. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग चुरगळला पाहिजे, म्हणजे धक्का तो खातो आणि आतला माणूस वाचतो. जुनी अँबेसिडर कमी चेपायची, धक्का माणसाला बसायचा. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. तो आपल्या सेलू, आर्वी भागातूनच जातो आणि त्यावर ताशी १२० किलोमीटरपर्यंतचा वेग चालतो. तिथं पत्र्याच्या जाडीपेक्षा पट्टा, एअरबॅग आणि टायर यांचा विचार आधी करावा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून भारतातही गाड्यांना टकरीच्या चाचणीवरून तारे मिळू लागले. पुतण्यानं तारे मोजले, मिस्त्रींनी बोटानं बॉनेट ठोकून पाहिलं. या एका बाबतीत पुतण्याचं ऐकायला हवं होतं आणि ते ऐकलं गेलं, एवढं समाधान.

दुसरीकडे मिस्त्रींचा पहिला प्रश्न आता त्यांच्यावरच उलटला आहे. इथं दुरुस्त होते का, तर झाडाखाली नाही होत. कार्ब्युरेटर गेला, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, गाडीत सेन्सर आले. संगणक लावल्याशिवाय दोष दिसत नाही. एके काळी इटलीची स्कूटर आणून विकणाऱ्या कंपनीनं २००९ मध्ये स्कूटर बनवणं सोडायचं ठरवलं आणि २०२० मध्ये तोच 'चेतक' विजेवर परत आणला. ना पेट्रोल, ना ओलं फडकं. मिस्त्रींनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिच्याभोवती फिरले. मग म्हणाले, "हिच्यात मले काई कामच नाई ठेवलं." त्यांचा धाकटा मुलगा आता नागपूरला बॅटरीचं काम शिकतो आहे. बैलाच्या जागी पेट्रोल, पेट्रोलच्या जागी वीज. पण बॅटरी गेली तर ती सेलूत नीट होईल की बाहेरून नवीच आणावी लागेल, हे विचारायला कुमारप्पा आज मगनवाडीत असते तर बरं झालं असतं.

पुतण्यानं शेवटी गाडी घेतली. कोणती ते सांगत नाही, उगाच जाहिरात नको. पार्ट नागपूरला मिळतात, तारे बरे आहेत, आणि एमएच-३२ ची पाटी लागून ती पहिल्यांदा सेवाग्रामला बापूकुटीकडे जाऊन आली. रंग पांढरा. पांढराच का, असं त्याच्या बायकोनं विचारलं, तेव्हा हा म्हणाला, विकताना बरी पडते. पहिला हप्ता अजून जायचा होता.